हत्तुरे मास्तरांची सोमवारची परीक्षा

श्री. शिवलिंगप्पा हत्तुरे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते एका मुलाला खेळ थांबवायला सांगताना. मी तेव्हा करमाळ्याहून सोलापुरात नुकताच आलो होतो. तीस सालच्या मार्शल लॉच्या तीन-चार वर्षे आधीची ही गोष्ट. शुक्रवार पेठेत एक खोली मिळाली होती आणि इथल्या एका हायस्कुलात दुय्यम कवायत-शिक्षक म्हणून हंगामी नेमणूक झाली होती. शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी मला मागच्या मैदानावर पाठवले. "तिथे हत्तुरे आहेत. त्यांच्या हाताखाली काम करायचे," एवढेच ते म्हणाले.

मैदान मुरमाड होते. मध्ये खो-खोची रांग आखलेली, दोन टोकांना दोन खांब. पंचेचाळिशी उलटलेले, धोतराचा काचा मारलेले, अनवाणी असे एक गृहस्थ एका खांबाजवळ उभे होते. तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा धावत येई, खांबाला हात लावून गर्रकन वळे आणि तोल जाऊन चार पावले बाहेर फेकला जाई. तिसऱ्या खेपेला त्याला ते वळण नेमके साधले. त्याचा चेहरा खुलला, तो चौथ्यांदा धावायला मागे निघाला, तोच हे गृहस्थ म्हणाले, "साकु!"

मुलगा हिरमुसला. "मास्तर, आत्ता कुटं जमाय लागलं की!"

"जमलं म्हणूनच थांब. बेरे काही तरी कर. चल, खो दे."

मास्तर मूळचे मैंदर्गीचे, घरची भाषा कानडी. 'साकु' म्हणजे पुरे आणि 'बेरे' म्हणजे दुसरे. हे दोन शब्द आमच्या शाळेत तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या मुलांपासून दख्खनी बोलणाऱ्या मुलांपर्यंत सर्वांना पाठ होते. त्या मुलाने खो दिला तो चुकीच्या वेळी. मग मास्तरांनी त्याला हूल द्यायला लावली, तीही फसली. मग पुन्हा खांब, आणि मघाशी साधलेले वळण पुन्हा चुकले. मुलगा रडकुंडीला आला आणि मास्तर मात्र समाधानाने मान हलवत होते. माझे बालपण तालमीत गेलेले. एक डाव घेतला की तो अंगात मुरेपर्यंत दिवसच्या दिवस घोटायचा, हे आम्हाला वस्तादांनी शिकवलेले. या गृहस्थांना शिकवण्यातले काही कळत नाही, असे माझे मत पहिल्या अर्ध्या तासात झाले. माझ्या हंगामी नोकरीतला वरिष्ठ अडाणी निघाला, याचा मला थोडा आनंदही झाला, हे आज कबूल करतो.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मास्तरांचे कार्य, त्यांची मूल्ये आणि त्यांचा स्नेह यांचा परिचय करून देणारा लेख, शक्यतो प्रसंगांसह, माझ्याकडे मागितला आहे. प्रसंग माझ्याजवळ आहेत. ते ग्रंथाला शोभतील की नाही हे मंडळाने ठरवावे.

प्रथम कार्य. महिन्याभरात माझी कुरकुर मास्तरांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पाठक, तुम्ही सहा मुलं घ्या, मी सहा घेतो. शनिवारी दोघंही एकच गोष्ट शिकवू, खांबावरचं वळण. तुम्ही तुमच्या रीतीनं, मी माझ्या." मी माझ्या मुलांना ओळीत उभे करून एकामागून एक, सलग, घाम फुटेपर्यंत वळायला लावले. मास्तरांच्या मुलांनी वळण घेतले, मग खो दिला, मग हूल, मध्येच सावलीला बसून पाणी प्याले, मग पुन्हा वळण. वळणे त्यांनी माझ्या मुलांच्या निम्मीसुद्धा घेतली नसतील. संध्याकाळी माझी सहा मुले भिंगरीसारखी वळत होती आणि मास्तरांची धडपडत होती. मी मास्तरांकडे पाहिले. मला हसू लपवता आले नाही.

"आज नाही," ते म्हणाले. "सोमवारी बघू."

रविवार सुट्टीचा गेला. सोमवारी मास्तरांनी बाराही मुलांना, काही न सांगता, सरळ सामना खेळायला लावला. माझी मुले खांबाजवळ आली की गोंधळत. समोरचा गडी कोणत्या बाजूने पळेल, वळावे की खो द्यावा, हे ठरवण्यातच त्यांचे पाऊल अडखळे आणि मग ते वळणही बिघडे. मास्तरांच्या मुलांचे वळण देखणे नव्हते, पण हवे तेव्हा ते येत होते.

"सलग केलं की दुसऱ्या खेपेला पोराला डोकं लागत नाही," मास्तर मला म्हणाले. "अंग नुसतं मागचंच करतं. आपल्याला वाटतं शिकला. सामन्यात खांब एकदा येतो, पाठक. तो कुठं साठ वेळा येतो? मध्ये दुसरं काही केलं, दोन दिवस गेले, विसरायला झालं, आणि मग त्यानं डोकं खाजवून आठवलं, की ते त्याचं झालं. शनिवारी जे दिसतं ते माझं असतं. सोमवारी उरतं ते पोराचं."

या सोमवारच्या परीक्षेची त्यांनी एक वही ठेवली होती. प्रत्येक मुलाच्या नावापुढे डावीकडे शनिवारी काय जमले, उजवीकडे सोमवारी काय उरले. ही रीत त्यांनी कोणत्या पुस्तकातून घेतली नव्हती. वीसेक वर्षे मुलांकडे बघून बघून ती त्यांच्या हाती आली होती. आज शिक्षक-वर्गांतून जी गोष्ट मोठ्या शब्दांत सांगतात, ती या मैंदर्गीच्या माणसाने मुरमावर अनवाणी उभे राहून शोधली होती. मला ती त्या सोमवारी पटली. पटली, हे मी मुद्दाम लिहीत आहे. पुढे जे झाले ते अज्ञानातून झाले, असे कुणी समजू नये.

आता मूल्ये. आमच्या संघात नरसय्या नावाचा मुलगा होता. त्याचे वडील मल्लय्या घरीच मागावर लुगडी विणत आणि नरसय्या शाळा करून त्यांच्या हाताखाली काम करी. त्याला आठवड्यातून तीन दिवस, तेही अर्धा तास, मैदानावर येता येई. दुसऱ्या कोणत्याही शिक्षकाने त्याला संघात घेतले नसते. मी तसे मास्तरांना बोललोही. मास्तर म्हणाले, "रोज दोन तास येणाऱ्या पोराचा दीड तास वाया जातो. याचा अर्धा तास पुरा कामाचा. राहू द्या त्याला." त्यांनी नरसय्याला सांगितले की घरी मागावर बसला असताना मनात खेळ मांडायचा, समोर कोण पळतो आहे ते बघायचे आणि आपण काय करू ते ठरवायचे. वर्षभरात तो मुलगा संघातला सर्वांत चलाख गडी झाला. त्याच्या हुलीला फसला नाही असा गडी आमच्या मैदानावर उरला नाही.

स्नेहाबद्दल लिहायचे तर मी माझ्यापुरते लिहितो. त्याच वर्षी मला मुदतीचा ताप आला. मी एकटा, खोलीत पडून. मास्तर रोज भर दुपारी मधल्या सुट्टीत चालत येत. बरोबर पितळी डब्यात ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, त्यांच्या पत्नी गौरव्वाबाईंनी केलेली. मी खाईपर्यंत ते उशाशी बसत आणि घंटेच्या वेळेला पुन्हा शाळेत हजर असत. तीन आठवडे त्यांनी हे केले. बरा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा गौरव्वाबाईंनी पान मांडले. "ऊट माड्री," म्हणाल्या, आणि मला ते कळले नाही असे वाटून, "जेवा, मास्तर. लई वाळलाय तुमी." माझी आई वारल्यावर मला कुणी पहिल्यांदा अशा रीतीने जेवायला बसवले होते.

हे सारे त्या घराकडून घेतल्यावर मी जे केले, ते आता लिहितो.

आंतरशालेय सामने तीन आठवड्यांवर आले होते. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, शहरातले एक मातबर वकील, आदल्याच दिवशी दुसऱ्या एका शाळेत पाहुणे म्हणून जाऊन आले होते. तिथली मुले शिट्टीबरोबर उठत, शिट्टीबरोबर वळत, सगळी एकाच वेळी, पलटणीसारखी. ते पाहून भारावलेले अध्यक्ष हेडमास्तरांना घेऊन आमच्या मैदानावर आले. आमच्या मैदानावर त्या वेळी एक मुलगा खांबावर चुकत होता, दुसरा हूल देताना पडला होता, दोघे कडुलिंबाखाली पाणी पीत होते आणि नरसय्या खो देताना घाई झाली म्हणून स्वतःशीच हसत होता.

"हा काय बाजार आहे?" अध्यक्षांनी विचारले.

मास्तर पुढे झाले. "साहेब, आज बघू नका. सोमवारी या."

"सामन्याच्या दिवशीही पंचांना सोमवारी या म्हणून सांगणार काय?" अध्यक्ष म्हणाले. हेडमास्तर हसले. मीही हसलो, कारण हेडमास्तर हसले होते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावले. अध्यक्ष तिथेच बसले होते. मला बसायला खुर्ची दिली. ती खुर्ची मला त्या खोलीत त्यापूर्वी कधी मिळाली नव्हती.

"पाठक, तुम्ही वर्षभर पाहता आहात," हेडमास्तर म्हणाले. "खरे सांगा. या पद्धतीने मुले तयार होत आहेत का?"

मला सोमवार आठवत होता. वहीचे दोन्ही रकाने डोळ्यांपुढे होती. एका वाक्यात सांगता आले असते. पण माझी नेमणूक हंगामी होती आणि हेडमास्तरांना कोणते उत्तर हवे होते ते त्यांच्या तोंडावर लिहिलेले होते.

"मला तरी शिस्त दिसत नाही, साहेब," मी म्हणालो.

"तुम्ही संघ हातात घ्याल?"

"आपली आज्ञा असेल तर."

त्याच आठवड्यात मास्तरांची बदली शाळेच्या प्राथमिक शाखेत, अगदी पहिल्या इयत्तेवर झाली आणि माझी नेमणूक कायम झाली. मास्तर मैदानावर निरोप घ्यायला आले. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही, म्हणून रांग पुन्हा आखण्याचे निमित्त केले. त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

"ही घ्या. यात सगळ्या पोरांचं आहे. तीन आठवडे राहिलेत, नवीन काही शिकवू नका. आणि नरसय्याला सलग पळवू नका. त्याचा उजवा गुडघा कच्चा आहे. मागावर बसून बसून आखडतो. मध्ये मध्ये थांबवलं तर चालतो."

मी वही घेतली. घरी नेऊन ट्रंकेच्या तळाशी टाकली.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या मैदानावर रोज दोन तास शिट्टी वाजली. पहिला दिवस फक्त वळणाचा, दुसराही वळणाचा, तिसराही. मुले वळून वळून इतकी सफाईदार झाली की अध्यक्ष मित्रांना घेऊन बघायला येऊ लागले. नरसय्याला मी सांगितले की रोज दोन तास यायचे, नाही तर नाव कापीन. मल्लय्याने त्याला त्यावरून मारले, पण तो आला. दहाव्या-बाराव्या दिवशी तो लंगडतो आहे असे मला दिसले.

"काय झाले रे?"

"काय न्हाई, मास्तर. मुंग्या आल्यात जरा."

"मग चल. ओळ मोडू नकोस."

गुडघा सुजलेला होता. चड्डीखाली त्याने फडके बांधले होते. मी ते पाहिले. पाहून शिट्टी वाजवली.

सामना किल्ल्याशेजारच्या मैदानावर झाला. मंडपात खुर्च्या, बँड, सगळा थाट होता. आमची मुले वळत होती सुरेख. दोन वेळा टाळ्या पडल्या. पण समोरच्या गड्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखले की ही मुले खांब दिसला की वळतातच. ते खांबापाशी जात, थबकत आणि उलट फिरत. आमचा गडी वळून पलीकडच्या बाजूला जाई तेव्हा तिथे कुणीही नसे. वर्षभर मास्तरांनी शिकवलेले 'आता काय करू' हे त्या मुलांच्या डोक्यातून मी तीन आठवड्यांत काढून टाकले होते. एकटा नरसय्या अजून विचार करत होता. त्याने एक गडी बाद केला, दुसऱ्याच्या मागे धावला, खांबावर हात टेकून वळला, आणि त्याचा उजवा पाय त्याच्याबरोबर वळला नाही. गुडघा मोडल्याचा आवाज मंडपापर्यंत ऐकू गेला. त्याला चार मुलांनी उचलून नेले. आम्ही हरलो.

पराभवाचा अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला. 'पूर्वीच्या शिक्षकांनी लावलेल्या चुकीच्या सवयी तीन आठवड्यांच्या अल्प मुदतीत पूर्णतः मोडता आल्या नाहीत.' हे वाक्य माझे आहे. हेडमास्तरांनी ते सुचवले नव्हते. त्यांनी फक्त सही केली.

मास्तरांना हे कळले होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "चला, नरसय्याकडे जायचं आहे." मी गेलो. सरकारी दवाखान्यातून फळ्या बांधून आणलेला मुलगा भिंतीशी पडला होता आणि मल्लय्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, पण माग चालू नव्हता. त्याने आम्हाला एकच विचारले.

"मास्तर, ह्याचा पाय पावडीवर चालंल का?"

मागाच्या पावड्या दोन्ही पायांनी दाबाव्या लागतात. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला विणता येत नाही. मास्तर खड्ड्याच्या काठाशी खाली बसले. मग म्हणाले, "आमची चूक झाली, मल्लय्या."

'आमची' म्हणाले. मी शेजारी उभा होतो. 'माझी' हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. तो मी गिळला.

त्यानंतर दोन महिने मास्तर शाळा सुटल्यावर रोज त्या घरी जात आणि मुलाचा पाय शेकून चोळत. पाय थोडा सुधारला, गुडघा वाकला नाही. नरसय्या आज सव्वीस-सत्तावीस वर्षांचा आहे. तो विणत नाही. घरातल्या बायकांबरोबर बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरतो.

मास्तरांच्या पुढच्या सात वर्षांविषयी शाळेच्या दप्तरात काही नाही. पहिलीच्या वर्गात ते मुळाक्षरे शिकवत. बाकीचे शिक्षक एकच अक्षर दिवसभर गिरवून घेत. मास्तर तीन अक्षरे आलटून पालटून देत, पाटी पुसायला लावत आणि दोन दिवसांनी विचारत. तपासणीला आलेले लोक म्हणत, याच्या वर्गात पाट्या स्वच्छ नसतात. खरेच नसत. पण त्यांच्या हाताखालून गेलेली मुले दुसरीत वाचत येत, हे दुसरीचे शिक्षक खाजगीत सांगत. तपासनिसांना कुणी सांगितले नाही.

मी मात्र सांगण्यासारखे पुष्कळ मिळवले. त्या पराभवानंतर माझी झोप गेली होती. एका दुपारी मी ट्रंक उपसून ती वही काढली आणि तिच्याप्रमाणे शिकवू लागलो. थोडे, मोडून मोडून, मिसळून, मध्ये दिवस जाऊ देऊन, आणि सोमवारी परीक्षा. दुसऱ्या वर्षी आमचा संघ जिंकला. तिसऱ्या वर्षीही जिंकला. हेडमास्तर त्याला 'आमच्या शाळेची पद्धत' म्हणू लागले. खात्याच्या लोकांनी वाखाणणी केली आणि मला पुण्याला शिक्षकांच्या एका वर्गापुढे व्याख्यानाला बोलावले. मी दीड तास बोललो. मास्तरांचे नाव घेतले नाही. घेणार होतो. पहिल्या रांगेत आमचे अध्यक्ष बसले होते.

परत आल्यावर मास्तर मला शाळेच्या जिन्यात भेटले.

"ऐकलं, चांगलं बोललात."

मी काही तरी पुटपुटलो. नावाचे राहून गेले, वेळ कमी होता, असे काही.

मास्तर म्हणाले, "नाव घेतलं नाही त्याचं मला काही नाही, असं म्हणू? आहे. लई आहे. घरी जाऊन मी जेवलो नाही. पण ते माझं मी बघून घेईन. तुम्ही पद्धत सांगितलीत, पाठक. ती सोडून दिल्यावर एका पोराचं काय झालं, ते सांगितलंत का?"

"नाही."

"मग अर्धंच सांगितलंत," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यांच्याशी माझे त्यानंतर काही वर्षे कामापुरतेच बोलणे होते. कुणी त्यांना क्षमाशील म्हणून या ग्रंथात लिहिले असेल तर ते चूक आहे. मास्तरांनी माझे भले केले, मी आजारी असताना मला जगवले, पण मला क्षमा केली नाही. त्यांनी ती करायला हवी होती, असे मला वाटत नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांच्यासाठी समारंभ झाला नाही. कपाटाची किल्ली शिपायाकडे देऊन ते गेले. मी वर्गावर होतो आणि खिडकीतून मला ते फाटकातून बाहेर पडताना दिसले. मी वर्ग सोडला नाही.

मग आज हा गौरव कसा? त्याचेही कारण लिहितो. गेल्या वर्षी शिक्षणखात्याचे एक अधिकारी आमच्या शाळेत आले. ते मास्तरांच्या जुन्या संघातले. सर्वांसमोर त्यांनी विचारले, "हत्तुरे मास्तर कुठे आहेत? खेळ आम्ही त्यांच्याकडे शिकलो." महिन्याभरात गौरव समिती स्थापन झाली. मास्तरांना साठावे वर्ष लागल्याचे तेव्हा सगळ्यांना आठवले. अध्यक्ष तेच वकील, कार्याध्यक्ष तेच आता निवृत्त झालेले हेडमास्तर, आणि लेख लिहिणारा मी.

निमंत्रण घेऊन मीच मास्तरांकडे गेलो. ते अंगणात बसून शेजारच्या मुलाला गोट्या खेळताना बघत होते. त्यांनी पत्र वाचले. गौरव्वाबाईंनी पाणी आणून ठेवले. जेवायला बसा म्हणाल्या नाहीत.

"येतो," मास्तर म्हणाले. "एक करा. व्यासपीठावर माझ्या शेजारी नरसय्याला खुर्ची द्या. काही बोलू नका, हार घालू नका. नुसती खुर्ची."

मी समितीपुढे तसे मांडले. अध्यक्ष म्हणाले, "मंगल प्रसंगी ते कशाला? लोक विचारतील हा कोण, मग काय सांगायचे?" एकाने सुचवले की श्रोत्यांत मागे बसवू. मी म्हणालो, तसे मास्तरांना चालणार नाही. बहुमताने ठराव झाला की समारंभ ठरल्याप्रमाणे होईल. मास्तरांनी दोन ओळींचे पत्र पाठवले की मी येणार नाही, आपण ग्रंथ खुशाल छापावा. त्यावर पुन्हा बैठक झाली आणि शाल-श्रीफळ शाळेच्या शिपायाबरोबर घरपोच पाठवावे असे ठरले.

मी पुन्हा मास्तरांकडे गेलो. म्हणालो, "त्या दिवशी मी समारंभाला जाणार नाही. तुमच्याकडे आलो तर चालेल?"

"नरसय्याला विचारा," ते म्हणाले. "तो या म्हणाला तर दोघं मिळून या. गौरव्वा स्वयंपाक करेल."

काल मी मल्लय्याच्या घरी गेलो. बारा वर्षांत मी त्या दारात पाऊल टाकले नव्हते. मल्लय्या आता थकला आहे. नरसय्या एक पाय सरळ पसरून रहाटाशी बसला होता. मी त्याला हा लेख, इथवर लिहिलेला, सबंध वाचून दाखवला. अहवालातले माझे वाक्य आले तेव्हा त्याने रहाट थांबवला. त्याला ते आजवर ठाऊक नव्हते. वाचून संपल्यावर मी मास्तरांचा निरोप सांगितला.

"हे छापणार का?" त्याने विचारले.

"मी देणार आहे. समितीने नाही छापले तर दुसरीकडे देईन."

त्याने कांडी काढून टोपलीत टाकली, दुसरी लावली. मग म्हणाला, "मी जातो मास्तरांकडं. तुमी नगा येऊ."

मी उठलो. तो रहाट फिरवू लागला होता.

तेव्हा मास्तरांना समोर जाऊन नमस्कार करण्याचे माझ्या नशिबी नाही. तो मी या पानावरून करतो. श्री. शिवलिंगप्पा हत्तुरे आणि सौ. गौरव्वाबाई यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मास्तरांचे डोळे आणि पाय अखेरपर्यंत धड राहोत, त्यांच्या अंगणात खेळणारी मुले कधी कमी न होवोत, आणि त्यांच्या उमेदीची वर्षे ज्यांनी घेतली, त्या आम्हा सर्वांपेक्षा ते अधिक जगोत.